मनाचा आजार हाही आजारच होय

घरातील देव्हारा बाहेर काढणे ही एका सकाळची गोष्ट असते. परंतु त्या देव्हाऱ्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या साठलेले भय घराबाहेर काढावयास पुष्कळ काळ लागतो. याचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षी आला.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले. गेल्या पावसाळ्यात त्यांची सून बाळंत झाली. तिसऱ्या आठवड्यापासून ती बोलेनाशी झाली. तिचे जेवण सुटले, झोप उडाली. मूल शेजारी रडत असले तरी ती आढ्याकडे पाहत बसे. कोणी फारच विचारले तर एवढेच म्हणे, "मी वाईट आई आहे. या लेकराला माझ्यापासून दूर न्या." आठ-दहा दिवस घरच्यांनी वाट पाहिली आणि अखेर एका रात्री सासूबाईंनी शेजाऱ्यांच्या नकळत मागील दाराने भगताला बोलाविले. लिंबू उतरविले, अंगारा लाविला, त्या अशक्त बाळंतिणीला मिरच्यांची धुरी दिली. जाताना भगत सांगून गेला, "तुम्ही कुळाचे देव पाण्यात टाकले. त्यांचाच हा कोप आहे. देव परत बसवा, मग पोर बोलेल."

वाचकहो, या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्यावे. एका बाईच्या आजाराचे निमित्त करून त्या माणसाने सबंध घराच्या धर्मांतरावरच घाव घातला. ते घर त्या रात्री जवळजवळ डगमगले होते. त्याच कुटुंबातील एक मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. ती दुसऱ्या दिवशी घरी आली नसती, तर टाक पुन्हा घरात आले असते आणि सून कदाचित जिवंत राहिली नसती.

त्या परिचारिकेने भावजयीला जिल्हा रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी प्रथम रक्त तपासले, कारण रक्तक्षय आणि थायरॉईडचा दोष यांनीही माणूस असाच मलूल होतो. नंतर त्यांनी सांगितले की हे बाळंतपणानंतरचे नैराश्य आहे, ते अनेक स्त्रियांना होते आणि ते बरे होते. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला समुपदेशक बाई तिच्याशी बोलत. दोन-अडीच महिन्यांनी ती आपल्या मुलाला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालू लागली. तेव्हा तिच्या नवऱ्याने आम्हांस हळूच विचारले, "मग देव कोपले नव्हते ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हसू नये. किंबहुना त्या प्रश्नाचे नीट उत्तर न देणे हा आपणां सर्वांचा दोष आहे. देव सोडा, भगत सोडा, नवस सोडा असे आपण सांगितले. ते योग्यच होते. परंतु ज्या दुःखावर उतारा म्हणून लोक भगताकडे जात, ते दुःख काय असते, ते कशाने होते आणि त्यावर खरा उपाय कोठे मिळतो, हे आपण सांगितले नाही. जुना आधार काढून घेतला आणि ती जागा रिकामी ठेविली, तर माणूस संकटाच्या रात्री मागील दार उघडणारच.

प्रथम हे समजून घेऊ की मन हे शरीराबाहेर तरंगणारी कोणतीही वस्तू नव्हे. विचार, भावना, झोप, भूक, स्मरण या साऱ्यांचा कारभार मेंदूतून चालतो. जसे यकृत बिघडते, हृदय बिघडते, तसे मेंदूचे कार्यही बिघडू शकते. त्यामागे कधी आनुवंशिकता असते, कधी शरीरातील घडामोड, कधी बालपणीचा आघात, कधी कर्ज, उपासमार, घरातील मारहाण वा अपमान. बहुधा यांतील एकाहून अधिक कारणे एकत्र आलेली असतात. त्यांत करणी नसते, बाहेरची बाधा नसते आणि मागील जन्मीचे पापही नसते.

हे आजार विरळ आहेत असेही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे दहा प्रौढांत एक. दर वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी तरी नैराश्याचा आजार होतो असेही त्या पाहणीवरून दिसते. परंतु याहून गंभीर आकडा निराळाच आहे. निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळालेले नव्हते. आजार आहे, औषध आहे, पण रोगी आणि औषध यांची गाठ पडत नाही, असा याचा अर्थ होय.

आता नेहमी आढळणारे आजार थोडक्यात पाहू.

पहिला आजार नैराश्याचा. दुःख सर्वांनाच होते. पीक बुडाले, आप्त गेला, तर डोळ्यांत पाणी येणारच. तो आजार नव्हे. परंतु दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात, आणि यामुळे रोजचे काम होईनासे होते, तेव्हा त्यास आजार समजावे. आपल्याकडे असा रोगी बहुधा "मन उदास आहे" असे म्हणतच नाही. तो म्हणतो, अंग दुखते, डोके जड होते, छाती भरून येते, मुंग्या येतात. वर्षभर तो अंगदुखीच्या गोळ्या व सलाईन यांवर पैसे घालवितो आणि मूळ आजार तसाच राहतो.

दुसरा चिंतेचा विकार. मन सतत धास्तावलेले असते, लहानसहान गोष्टींची काळजी आवरत नाही. काहींना तर अकस्मात छातीत धडधड होते, घाम सुटतो, श्वास कोंडतो, आता प्राण जाणार असे वाटते आणि थोड्या वेळाने सारे शांत होते. असा झटका पहिल्यांदा आला की हृदयाची तपासणी अवश्य करावी. हृदय निर्दोष ठरले तर मनाच्या डॉक्टरांकडे जावे. हात पुन्हा पुन्हा धुणे, कडी दहा वेळा तपासणे, नको असलेला विचार मनातून न जाणे, हाही एक विकारच होय.

तिसरा गट तीव्र आजारांचा. छिन्नमनस्कतेत, ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात, रुग्णाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे वाटते. द्विध्रुवी विकारात कधी मन अतिशय उसळलेले असते, झोपेची गरज वाटत नाही, पैसा उधळला जातो. आणि कधी तेच मन खोल नैराश्यात बुडते. लोक ज्यांना सरसकट "वेडे" म्हणतात, ते बहुधा हे रुग्ण. यांनाही औषधांचा उत्तम उपयोग होतो, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितके पुढील आयुष्य सावरते.

चौथा आजार दारूच्या व्यसनाचा. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे आणि ती मोलाची आहे. परंतु ज्याला व्यसन जडले आहे, तो केवळ प्रतिज्ञा मोडणारा माणूस नव्हे, तो रुग्णही आहे. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि कधी जिवावरही बेतते. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. वस्तीसमोर उभे करून त्याची निर्भर्त्सना करू नये.

उपचारांविषयी आपल्या लोकांत दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, या गोळ्या केवळ झोपेच्या असतात व त्यांची सवय लागते. दुसरा, दोन दिवसांत गुण आला नाही तर औषध खोटे. खरी गोष्ट अशी की, काही झोपेच्या व धास्ती कमी करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात. नैराश्यावरील औषधे निराळी असतात. त्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. आरंभी मळमळ, डोकेदुखी असे त्रास होतात व ते बहुधा ओसरतात. बरे वाटू लागल्यावरही ही औषधे साधारणतः सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागतात आणि नंतर हळूहळू कमी करावयाची असतात. बरे वाटले म्हणून मध्येच गोळी टाकणे हे आजार उलटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

औषधाइतकेच मोल संभाषणोपचाराचे आहे. प्रशिक्षित व्यक्ती ठरावीक पद्धतीने रुग्णाशी बोलते, त्याच्या विचारांची गाठ सोडविते, त्याला पुन्हा कामाकडे व माणसांकडे वळविते. यासाठी मोठ्या शहरात जाऊन मोठी फी भरावी लागते, असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल व 'संगत' या संस्थेच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी तेथे डॉक्टर बोलत नव्हते, तर शिकवून तयार केलेले सामान्य स्त्री-पुरुष सहा ते आठ बैठकींत बोलत होते. तीन महिन्यांनी त्या रुग्णांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या बैठकी मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही अशाच गावपातळीवरील कार्याने, नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. यावरून दिसते ते हे की, गावातील माणसे शिकली तर गावातील माणसे वाचतात.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो आपल्यातील विचारी तरुणांचा आहे. ते म्हणतात, "आमचे दुःख अन्यायातून आले आहे. जातीचा अपमान गोळीने कसा बरा होणार? आम्हांला रोगी ठरवून व्यवस्था मोकळी होईल." या म्हणण्यात सत्य आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले, तेव्हा त्यांना केवळ "दुबळ्या मनाचे" ठरवून जातीचा प्रश्न बाजूला सारणे हा दुसरा अन्याय झाला असता. परंतु याची दुसरी बाजू पाहा. लाठीमारात कोणाचे डोके फुटले तर आपण लाठीविरुद्ध दाद मागतो आणि त्याच वेळी जखमेला टाकेही घालतो. टाके घातल्याने लाठी न्याय्य ठरत नाही. अपमानाने जखमी झालेल्या मनाचेही असेच आहे. अन्यायाशी लढण्यासाठी माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे. आणि उपचार घेऊन उभा राहिलेला माणूस हा चळवळीतून गळालेला माणूस नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. "आपण बौद्ध आहोत, ध्यान केले, वंदना केली की मन शांत होईल, डॉक्टर कशाला?" ध्यानाने पुष्कळांच्या मनाला स्वस्थता लाभते हे खरे. परंतु दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांच्या नियमावलीतच सांगितले आहे की, गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी त्यातून रोगमुक्तीची अपेक्षा धरू नये. भगताच्या अंगाऱ्याच्या जागी आपण ध्यानालाच अंगारा करून ठेविले, तर फक्त नाव बदलले असे होईल. तथागतांनी आजारी भिक्षूला उपदेश देऊन सोडले नाही. त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, शय्येवर निजविले आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे असे भिक्षुसंघाला बजाविले. पटाचारेची कथा आपल्या भगिनींना ठाऊक असेल. पती, दोन्ही मुले, आईबाप गमावून ती भान हरपून विवस्त्र फिरत होती. लोक म्हणाले, या वेडीला हाकला. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, कोणी तरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले आणि तिला स्वतःचे भान आले. तिच्या अंगात कोण शिरले आहे असे तेथे कोणी विचारले नाही. या कथेपासून शिकण्यासारखे आहे ते हेच.

म्हणूनच, ज्या बायांच्या अंगात येते त्यांचाही उपहास करू नये. पुष्कळदा ज्या बाईला घरात बोलण्याची सोय नाही, तिचे दुःख त्या वाटेने बोलते. तिला ढोंगी म्हणण्याऐवजी तिचे ऐकावे. तसेच "लग्न करून दिले की पोर सुधारेल" हा समज कायमचा टाकून द्यावा. लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून केलेल्या लग्नात दोन जीव होरपळतात.

आता हक्कांविषयी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात उपचाराच्या आशेने आणून ठेविलेल्या मनोरुग्णांच्या झोपडीला आग लागली. त्यांना साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ माणसे त्या आगीत दगावली. श्रद्धास्थान कोणत्याही धर्माचे असो, साखळी ती साखळीच. आज कायदा रुग्णाच्या बाजूला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यान्वये शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि तो देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेद करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील व निराधार रुग्णांना शासकीय संस्थांत हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. रुग्णाला साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचा उपचार करणे यांस मनाई आहे. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा हे रुग्ण आधीच लिहून ठेवू शकतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असेही कायदा सांगतो.

या कायद्यातील एक कलम तर आपल्या लोकांनी पाठ करावे असे आहे. समाजात रूढ असलेल्या मूल्यांशी वा धर्मश्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. धर्मांतर करणाऱ्या वा जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीला "हिला वेड लागले आहे" म्हणून कोंडून ठेविणाऱ्या नातेवाइकांना हे कलम दाखवावे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आपल्याजवळ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतरच तो अस्तित्वात आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्यान्वये गुन्हा आहे. आमच्या परिचयाच्या त्या बाळंतिणीला दिलेली धुरी हाही गुन्हाच होता.

उपचारासाठी जावे कोठे? प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा जिल्हा रुग्णालयात जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू झाला आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी असतो ते विचारून घ्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही हा विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. याखेरीज केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना आजार केव्हा सुरू झाला, झोप-जेवण कसे आहे, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता काय, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. जो डॉक्टर ऐकून न घेता चिठ्ठी लिहितो, त्याला प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

एक गोष्ट अत्यंत निकडीची. कोणी "जगण्यात अर्थ नाही", "मी गेलो तर बरे" असे म्हणू लागला, तर ते नाटक समजू नये. त्याला सरळ विचारावे, "तुमच्या मनात मरणाचे विचार येतात काय?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे, उलट त्याचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशक, औषधे, दोर दूर कुलपात ठेवावेत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपवितो. म्हणून पोलिसांच्या भयाने उपचार लांबवू नयेत.

शेवटी आमची सूचना अशी आहे. प्रत्येक विहाराने महिन्यातून एक रविवार या विषयाला द्यावा. वस्तीतील परिचारिका, आशाताई, शिक्षक यांना बोलवावे. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. दोन-तीन विश्वासू स्त्री-पुरुषांनी रुग्णासोबत रुग्णालयात जाण्याचे काम अंगावर घ्यावे आणि रुग्णाची गोष्ट चावडीवर नेऊ नये. याला पैसा फारसा लागत नाही. शरम सोडावी लागते.

त्या नवऱ्याच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर दिले तेच येथे लिहून हा लेख संपवितो. "नाही, देव कोपले नव्हते. तुमची बायको आजारी होती. ती बरी झाली, कारण तुमच्या बहिणीने तिला योग्य दारी नेले." सासूबाई हे सारे ऐकत दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु पुढील महिन्यात शेजारच्या घरातील मुलगा दोन आठवडे अंथरुणातून उठेना, तेव्हा त्याच्या आईला घेऊन जिल्हा रुग्णालयाची एसटी पकडणाऱ्या त्याच सासूबाई होत्या.